पलंगाखालची साक्ष

४ फेब्रुवारी

छोट्या,

आशीर्वाद. पत्राच्या वरच्या ओळीत काहीतरी घालावं लागतं म्हणून घातलाय. मनापासूनचा आहे की नाही, ते पत्र संपेपर्यंत माझं मलाच कळेल.

तू गेल्यापासून तुझी पत्रकं तेवढी येतात. गुळगुळीत कागद, तुझा फोटो, एका हातात माईक आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं वर. खाली ठळक अक्षरांत ‘आधी, तेव्हा, आता’. पत्रकाला माणूस काय उत्तर देणार? म्हणून हे आपलं हाताने लिहिलेलं. वाचायला वेळ नसेल तर तुझ्या त्या मोठ्या चर्चच्या मंडळीत पत्रं वाचायलाही कुणीतरी नेमलेलं असेलच, त्याला दे.

सभागृहाच्या किल्ल्या माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून तू निघालास आणि दारातून म्हणालास, "पोरांकडे जरा बघ, ताई." जरा! जसं काही कुंड्यांना पाणी घालायचं होतं. आपलं भांडण झालं होतं, मान्य. मी ते चारचौघांत बोलायला नको होतं, हेही तू म्हणतोस म्हणून मान्य. पण भांडण माझ्याशी होतं. पोरांनी तुझं काय घोडं मारलं होतं?

तर ऐक. तुझी सगळी पोरं मंडळीतल्या लोकांत वाटून टाकली. तू घालून दिलेली रीत मोडलेली नाही: एका मोठ्या माणसामागे एक पोर, आठवड्यातली एक संध्याकाळ, थोडं पवित्र शास्त्र वाचायचं, मग शाळा, काम, घर काय म्हणतंय ते विचारायचं. गोड बोलणारी पोरं पटापट गेली. उरलेली माझ्या गळ्यात. त्यांत तो ‘वकील’ आहे, जो प्रार्थनेतसुद्धा मुद्दे काढतो. ‘पैलवान’ आहे, सुधारगृहात राहून आलेला, ज्याच्या अंगावर मांस नावाला नाही. दिवसभर इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी उपसून मी येते, खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडत असतो आणि वर मी यांना सहनशीलतेचा धडा देते. माझ्याकडे ती नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. त्यात तुला पोरं ‘दादा’ म्हणतात आणि मला ‘मावशी’. म्हणजे नात्याने मी तुझीही मावशी झाले. मान तेवढाच मिळतो म्हणा, लांबच्या मावशीला मिळतो तेवढा.

आणि खार. खिशात स्प्रिंगा, स्क्रू, मोडकी बिजागरं भरून फिरते म्हणून तूच तिचं हे नाव ठेवलंस, विसरला नसशील. तिचं एक चांगलं झालंय आणि ते कुणाला तरी सांगावं म्हणूनच खरं तर हे पत्र लिहायला बसले. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याने तिला शिकाऊ म्हणून ठेवून घेतलं. वर्ष नीट काढलं तर तिला कारागीर म्हणून पुढे आणीन असा शब्द दिलाय त्याने. पोरगी काकूच्या घरी राहते, तिथे तिला झोपायला जागा आहे पण बसायला नाही. शाळा सुटलेली. तिच्यासाठी उघडलेलं हे एकच दार आहे, छोट्या, आणि ते तिने स्वतः उघडलं. दुकानाच्या पायरीवर बसून म्हाताऱ्याचं एक जुनं अडकलेलं कुलूप तिने मोकळं करून दाखवलं होतं. तिचा हात बघून तो म्हणाला, "उद्यापासून ये."

आता या महिन्यात तरुणांची उपासना. प्रत्येक पोराने मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची. तुझीच तीन बोटं. पहिलं बोट: आधी मी कसा होतो. दुसरं: प्रभू तेव्हा कसा भेटला. तिसरं: आता मी कसा आहे. सगळ्यांची तयारी झाली, खारीची अडलीय. "मावशी, माझ्याकडे ‘आधी’च नाही. मी कधी काही केलंच नाही." पैलवानाने उदारपणे सांगितलं, "माझ्याकडे खूप आहेत, त्यातलं एक घे."

मी म्हटलं, जे आहे ते सांग. कुलूपवाल्यालाही मी बोलावलंय. मंडळीतला नाही तो, पण आपली शिकाऊ काय बोलते ते ऐकू दे की. पुढच्या रांगेतच बसवते.

— ताई


२४ फेब्रुवारी

छोट्या,

आशीर्वाद वगैरे पुढच्या वेळी.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. वकिलाची साक्ष झाली. पैलवानाची झाली, लोक रडले. मग खार उठली. चेहरा पांढराफटक, खिसे मात्र रिकामे, म्हणजे स्वच्छ होऊन आली होती. एक बोट वर केलं आणि म्हणाली, "आधी मी दुकानांची कुलपं तोडायचे. एक लोखंडी सळई, एक झटका. कुलूप खाली पडायचं आणि माझं काळीज त्याहून खाली."

ओळखलंस ना वाक्य? ‘एक लोखंडी सळई, एक झटका’. काळजासकट उचललं पोरीने. एक शब्द इकडचा तिकडे नाही. बोट वर धरून तू जसा क्षणभर थांबतोस, तशी थांबलीसुद्धा.

मंडळी ढसाढसा रडली. गायकवृंदातल्या बायकांनी तिला मिठ्या मारल्या. उभ्या आयुष्यात त्या पोरीला कुणी इतक्या मिठ्या मारल्या नसतील. मी पुढच्या रांगेकडे बघितलं. कुलूपवाल्याने मांडीवरची टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि बाजूच्या जिन्याने निघून गेला.

नंतर खार धावत माझ्याकडे आली. "मावशी, जमलं ना? सगळे रडले." मी खुर्च्या घड्या करायला घेतल्या. एका खुर्चीत बोट चेमटलं, तेवढाच एक आवाज माझ्या तोंडून निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात गेली तेव्हा त्याने तिला आत घेतलं नाही.

— ताई


३ मार्च

छोट्या,

मी स्वतः गेले त्याच्याकडे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले, आणि लाँड्रीत रजा मागणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं.

दुकान तू बघितलंयस. दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने श्वास घ्यायचा नाही इतकं. भिंतभर किल्ल्या. म्हातारा कानस घेऊन एका किल्लीचे दात घासत होता, वर बघितलंच नाही. मी म्हटलं, "काका, ते सगळं खोटं होतं. त्या पोरीने आयुष्यात एक कुलूप तोडलेलं नाही."

आता त्याने वर बघितलं. "खोटं?"

"एक अक्षर खरं नाही."

"भरल्या सभेत, देवाच्या पुस्तकासमोर उभी राहून पोरगी खोटं बोलली?"

"हो. म्हणजे... हो."

"मग हे तर चोरीपेक्षा वाईट झालं, ताई." त्याने कानस खाली ठेवली. "लोक मला घरात घेतात. मी त्यांची दारं उघडतो. मी गेल्यावर ते निवांत झोपतात, कारण मी उघडलं ते मी विसरतो अशी त्यांना खात्री आहे. मी चोराला हे शिकवू शकत नाही. आणि खोटं बोलणाऱ्याला तर नाहीच नाही. चोर निदान काय करतो ते ठाऊक असतं."

इकडे आड, तिकडे विहीर. खरं म्हणावं तर चोर, खोटं म्हणावं तर लबाड. माणूस वाईट नाही, छोट्या. तिचा एप्रन त्याने अजून खुंटीवरून काढलेला नाही, मी बघितलं. पण त्याचा धंदा नावावर चालतो आणि आपण, म्हणजे तू आणि मी आणि आपली ती रडकी मंडळी, त्याच्या नावाला आग लावून बसलोय.

म्हणून आता नीट वाच. मला तुझ्याकडून एक कागद हवा. कुलूपवाल्याच्या नावाने. त्यात लिही की सळईचं वाक्य पोरीचं नाही, तुझं आहे. आणि हिंमत असेल तर पुढे हेही लिही की ते तुझंही नाही. पहिल्या वर्षी तू साक्ष दिलीस तेव्हा त्या गोष्टीत तू फक्त गल्लीच्या तोंडाशी उभा होतास. दुसऱ्या वर्षी तुझ्या हातात पोतं आलं. मग लोक जास्त रडायला लागले, तशी तुझ्या हातात सळई आली. मी सगळ्या साक्षींना हजर होते, चहा मीच करत होते. हेच मी तुला विचारलं आणि तू रागावून निघून गेलास. खरं काय घडलं ते तुला, मला आणि त्या पलंगाला ठाऊक आहे.

त्या वाक्याने तुझं काही बिघडलं नाही. पोरीचं बिघडलंय. एक कागद, बस्स.

— ताई


१५ मार्च

छोट्या,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, टाइप केलेल्या, खाली सहीचा शिक्का. सख्ख्या बहिणीला शिक्का!

‘प्रकरण प्रभूच्या हाती सोपव. जुन्या गोष्टी उकरून कुणाचंच भलं होत नाही. मी प्रार्थना करतो आहे.’ प्रभूने कुलूपवाल्याला पत्र लिहावं अशी तुझी अपेक्षा आहे का? त्याला हात आहेत तेवढे आपलेच, हे तूच पोरांना शिकवायचास. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी इकडे आण.

आपल्या मंडळीच्या पाळकसाहेबांकडे गेले. ते बिचारे नेहमीप्रमाणे घशाची गोळी चघळत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकाची साक्ष खोटी निघाली तर लोक सगळ्यांच्याच साक्षींकडे संशयाने बघतील." मी म्हटलं, बघू देत, डोळे त्यासाठीच दिलेत. त्यावर त्यांनी दुसरी गोळी तोंडात टाकली.

मधल्या काळात कुलूपवाल्यानेच वाट काढली. मी तिसऱ्यांदा दुकानात जाऊन उभी राहिले तेव्हा, बहुधा माझ्या कटकटीला कंटाळून, म्हणाला, "जिथे बोलली तिथेच, त्याच लोकांपुढे उभं राहून ‘मी खोटं बोलले’ म्हणू दे. आणि असं बोलायला कुणी शिकवलं तेही सांगू दे. अर्धवट नको. मी बसून ऐकेन. मग बघू."

पाळकसाहेब तयार नव्हते. वेदीवरच्या कापडांची इस्त्री माझ्याकडे असते, ती आता त्यांनीच करावी असं सुचवल्यावर झाले. या महिन्याचा शेवटचा रविवार ठरलाय.

आता समजलं ना कुठे येऊन थांबलंय? कुणी शिकवलं हे त्या पोरीला सांगावं लागणार. तिच्या तोंडून तुझं नाव निघण्याआधी तू स्वतः बोललास तर बरं दिसेल. तिच्यासाठी आणि तुझ्यासाठीही.

— ताई


२२ मार्च

छोट्या,

आज खारीला समोर बसवलं. सांगितलं, उभी राहा, काय झालं ते सरळ सांग आणि शेवटी दादांचं नाव घे.

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जसं मी तिला कुणाचं घर फोडायला सांगितलंय. "दादांचं नाव कशाला? त्यांनी त्यांचं खरं सांगितलं. मी ते चोरलं. चोरी माझी आहे, मावशी."

"अगं पण..."

"दादांनी खरंच कुलूप तोडलं होतं. इतकं वाईट करून ते इतके चांगले झाले, म्हणून तर मी वर आले. नाहीतर मी जिन्यावरच बसायचे."

मला जिन्याचं ठाऊक नव्हतं. ती सांगत होती, आधी ती वर यायचीच नाही, खाली टायरवाल्याच्या जिन्यावर बसून ऐकायची. एकदा तू खाली आलास, तिच्याशेजारी बसलास, तिच्या खिशातल्या स्प्रिंगा बघितल्यास आणि कोणती कशाची ते विचारत बसलास. वर प्रार्थना सुरू झाली तरी उठला नाहीस. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. पत्रकातही कधी छापलं नाहीस, आणि छापण्यासारखं तेच होतं की रे!

मला तुझा राग आला आणि त्याच वेळी तुझा अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम आले की माझं डोकं दुखतं. पलंगाचं तिला सांगायला मी तोंड उघडलं. सांगता आलं नाही. तिच्याकडे फारसं काही नाही, आणि जे आहे त्यात तू आहेस.

हे पत्र तुला वेळेत पोचेल. लिहायला जमत नसेल तर फोन कर. लाँड्रीतला फोन चालू आहे आणि उचलणारी मीच आहे. पाळकसाहेबांना कर, कुलूपवाल्याला कर, कुणालाही कर. "ते मी शिकवलं" एवढंच म्हण. रविवारपर्यंत.

— ताई


२९ मार्च

छोट्या,

फोन वाजला नाही. आठवडाभर मी वाळवणी यंत्राजवळ उभी राहिले नाही, त्याच्या आवाजात घंटा ऐकू येत नाही म्हणून. लाँड्रीतल्या दोन मुलींना माझ्या वाटची उष्णता सोसावी लागली.

आज खार उठली. या वेळी बोट वर नव्हतं. दोन्ही हात खिशात, आणि खिसे भरलेले, चालताना खुळखुळत होते.

"मी कधीच कुलूप तोडलं नाही," म्हणाली. "माझ्याकडे ‘आधी’ नव्हतं. ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे मिठी मारत होते. म्हणून मी एक घेतलं. चुकलं."

मागे कुणीतरी खोकलं. खाली कॉम्प्रेसर बंद होता, रविवार ना. कुलूपवाला पुढच्या रांगेतून म्हणाला, मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "घेतलंस कुणाकडून? कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"पोरी, ठरलं होतं ना, अर्धवट नको."

"कुणी नाही शिकवलं."

तिची मान खाली गेली, पण ओठ घट्ट मिटलेले. तिला ठाऊक होतं की आता काम गेलं. तरी बोलली नाही. कुलूपवाल्याने सुस्कारा सोडला आणि टोपी उचलली. टोपी डोक्यापर्यंत पोचायच्या आत मी उभी राहिले होते. मी ठरवून उठले नाही, छोट्या. माझे गुडघे तुला माहीत आहेत, ठरवून उठायला मला वेळ लागतो.

मी म्हटलं, "बसा काका. शिकवणारा माझा भाऊ. आणि त्यानेही कधी कुलूप तोडलेलं नाही."

मग सगळं सांगितलं. गल्लीतल्या मोठ्या पोरांबरोबर तू त्या दुकानापाशी गेलास. एकाने सदऱ्यातून सळई काढली. ती बघून तू जी धूम ठोकलीस ती थेट घरात, थेट माझ्या पलंगाखाली. पाय बाहेर राहिले होते. पलंगाखालची धूळ मी कधी काढत नसे, त्यामुळे तू शिंकत होतास, एकामागून एक. मी पाय धरून बाहेर ओढलं. जाळ्या लागलेलं तोंड करून तू म्हणालास, "ताई, मी पळून आलो. मी भित्रा आहे ना?" मी म्हटलं, "आधी हात-पाय धू. जेवायला बस." एवढीच आहे ती साक्ष. यात सळई दुसऱ्याची, झटका कुणाचाच नाही.

हसले, छोट्या. सगळी मंडळी हसली. पण तुला वाटेल तसं नाही. आपल्या घरातल्या कुणाची तरी लहानपणची गोष्ट ऐकल्यावर हसतात तसं. गायकवृंदाचे म्हातारे गुरुजी डोळे पुसत उठले आणि म्हणाले, "आता निघालंच आहे तर सांगतो. माझी दारूची जी सात वर्षं मी दर वेळी सांगतो, ती दोन होती. तीही लग्नकार्यापुरती." त्यांची बायको मागून म्हणाली, "दीड." पाळकसाहेबांना गोळीचा ठसका लागला.

या सगळ्या हशात पैलवान एकटा हसत नव्हता. तो उठला आणि मला विचारलं, "म्हणजे दादा तिथून पळून आले?"

"हो."

"आणि घरी कुणी काही बोललं नाही?"

"मी ताट वाढलं."

सुधारगृहातून आलेलं पोर ते, भित्रं वगैरे दिसणं त्याला परवडत नाही. मग म्हणाला, "मी पण, पकडला गेलो त्या वेळी, सळईकडे बघून घाबरलो होतो. पण पळून आलं तरी चालतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

हसणं थांबलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

इतकी वर्षं तू ती तीन बोटं वर करून त्या पोरांना सांगत होतास की कुलूप तोडल्याशिवाय देव भेटत नाही. आणि जे त्यांना ऐकायला हवं होतं ते तुझ्याकडे होतं. ते तू पलंगाखाली ढकलून ठेवलंस. मला याचा इतका संताप आलाय की अक्षर बघ कसं येतंय.

कुलूपवाल्याने टोपी परत मांडीवर ठेवली. उपासना संपेपर्यंत बसला, एकही गाणं येत नसताना. जाताना खारीला म्हणाला, "उद्या वेळेवर ये. आणि पुन्हा कधी स्टेजवर चढायचं नाही. तुला ते जमत नाही."

पोरगी रडली तेव्हा कुठे रडली. मला म्हणाली, "तुम्ही दादांचं का सांगितलंत?" आणि मग लगेच, "पाय खरंच बाहेर होते?"

तर हे मी केलं. तुला न विचारता, लोकांपुढे, दुसऱ्यांदा, आणि या वेळी भरल्या सभेत. तुझ्या त्या मोठ्या मंडळीपर्यंत हे जाईलच. माईकवाल्यांचे कान लांब असतात. रागाव. पण अशीच वेळ परत आली तर मी पुन्हा उठेन, गुडघ्यांसकट.

— ताई


१२ एप्रिल

छोट्या,

काल लाँड्रीत फोन वाजला. उचलला. पलीकडे कुणी बोलेना. मी "कोण?" म्हटलं, उत्तर नाही. मी फोन ठेवणार तेवढ्यात शिंक आली. मग दुसरी, लगेच तिसरी. मग फोन बंद झाला.

अरे, ती शिंक मी ओळखते. एवढा मोठा वक्ता तू, बहिणीला फोन लावून बोलायला तुला एक शब्द सापडू नये? मी दिवसभर चादरी मोजायच्या सोडून फोनकडे बघत राहिले. माझ्या हाताखालच्या मुलीच मला हसायला लागल्या. कुठे बसून केलास तो फोन? कुठल्या पलंगाखाली?

इकडचं सांगते. खारीने सभागृहाचं जुनं कुलूप बदललं. कुलूपवाला शेजारी उभा राहिला, पण हात लावला नाही, सगळं तिने केलं. नव्या किल्ल्याही तिनेच घासल्या, पाळकसाहेबांची, माझी, गुरुजींची. मग मी बघते तर आणखी एक. म्हटलं, ही कुणाची?

"दादांची."

"तो काही येत नाही, बाळा."

"आले तर? दाराशी उभे राहतील ना."

मी तिला सांगितलं की तुझा दादा रागावलाय, लाजलाय, फार लांब गेलाय, आणि मुळात तो इतका हट्टी आहे की आमच्या आईनेसुद्धा हात टेकले होते. तिने शांतपणे किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात टाकली. पोरीपुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ती किल्ली या पाकिटात आहे. जरा अडकते, कारण सगळ्यांत आधी तिने हीच घासली होती, हात बसायच्या आधी. दार किंचित वर उचलून फिरव, मग उघडतं. बुधवारी संध्याकाळी पोरं असतात. पैलवानाला तुला काहीतरी विचारायचंय. मला सांगत नाही, म्हणतो ते दादांनाच विचारीन.

वरच्या ओळीत आज आशीर्वाद लिहायचा राहिला, तो इथे घे. आता बाहेर ये. आधी हात-पाय धू. जेवायला बस.

— ताई